देवनागरी अक्षरांना सोन्याची झळाळी: फोटोशॉपमध्ये चकचकीत धातूचा लोगो

सराफी पेढी असो, गणेश मंडळ असो की मिठाईचं दुकान, सोनेरी लोगो सगळ्यांनाच हवा असतो. हाती येतो तो बहुतेक वेळा पिवळ्या प्लॅस्टिकचा. कारण साधं आहे. पिवळा रंग निवडायचा, वरून पांढरी चमक मारायची, कडेला काळी सावली द्यायची, अशा रीतीने धातू तयार होत नाही. गुळगुळीत धातू आरशासारखा वागतो. वर उजळ आकाश, खाली गडद जमीन आणि मध्ये क्षितिजाची रेघ हे त्यात उमटतं. डोळा धातू ओळखतो तो सगळ्यात उजळ पट्टा सगळ्यात गडद पट्ट्याला खेटून दिसतो म्हणून. रंगाचं काम त्यानंतरचं. सोन्याची चमकही पांढरी नसते, ती फिकट पिवळी असते, आणि त्याची सावली तपकिरी असते. एवढं सांभाळलं तर निम्मं काम झालं.

उदाहरणाला ‘सुवर्ण’ हा शब्द घेऊ. खाली उकार आहे, वर रफार आहे, शिरोरेषा सलग आहे. देवनागरीत जे अडतं त्यातलं बरंचसं या एका शब्दात अडतं.

अक्षरं आधी नीट बसवा

नवीन डॉक्युमेंट ३००० × २००० पिक्सेल, रिझोल्यूशन ३००, आरजीबी, १६ बिट. पार्श्वभूमी पांढरी ठेवू नका. काठाची चमक पांढऱ्यात विरघळते आणि मग ती दिसावी म्हणून आपण सावल्या वाढवत बसतो. काम करताना गडद राखाडी (६०, ६०, ६०; रंगाचे आकडे सगळीकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने) ठेवा, शेवटी हवा तो रंग द्या.

शब्द टाइप केल्यावर रफार ‘ण’च्या डोक्यावर बसतोय का ते पाहा. ‘र्’ आणि ‘ण’ सुटे दिसत असतील, किंवा दुसऱ्या शब्दात पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल, तर दोष फाँटचा नाही, टेक्स्ट इंजिनचा आहे. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्तीत आधी प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ भागात जाऊन ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय घ्यावा लागतो. तो घेतल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

फाँट जाड हवा. मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू २’ एक्स्ट्रा बोल्डमध्ये चांगला चालतो आणि गूगल फाँट्सवर मोफत मिळतो. त्यांचाच ‘मोदक’ आणखी जाड आहे, पण त्यात अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक आहेत की काठ दिला की बुजून जातात. बारीक फाँटवर हा सगळा खटाटोप वाया जातो, कारण उतार दाखवायला अंगच नसतं.

ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) शून्य, कर्निंग (अक्षरांच्या जोडीतलं अंतर) ‘मेट्रिक्स’. इंग्रजी लोगोत अक्षरं थोडी लांब ठेवायची सवय असते, ती इथे नडते. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि साध्या रंगात न दिसणारी केसाएवढी फटसुद्धा बेव्हल (कडेचा उतार) दिल्यावर कापल्यासारखी उठून दिसते. ‘फॉ बोल्ड’ (प्रोग्रामने ओढूनताणून आणलेला जाडपणा) चालू असेल तर बंद करा. ते चालू असताना अक्षरांचं शेपमध्ये रूपांतर होत नाही.

शब्द साधारण २२०० पिक्सेल रुंद करा, मग टाइप मेन्यूतून ‘कन्व्हर्ट टू शेप’. आता पाथ सिलेक्शन टूलने सगळ्या बाह्यरेषा निवडा आणि वरच्या पट्टीतल्या पाथ ऑपरेशन्समधून आधी ‘कम्बाइन शेप्स’, मग ‘मर्ज शेप कंपोनंट्स’ करा. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या डीटीपी फाँटांत तर काना, मात्रा, वेलांटी सगळे सुटे तुकडे एकमेकांवर ठेवलेले असतात. ते एकजीव केले नाहीत तर पुढे काठ देताना सांध्यासांध्यावर रेघा उमटतात.

आता रूलर टूलने शिरोरेषेची जाडी मोजा. पुढचे पिक्सेलचे सगळे आकडे ही जाडी १०० धरून दिले आहेत. तुमची ६० भरली तर प्रत्येक आकडा ०.६ ने गुणा. टक्के आणि कोन तसेच राहतील. मापाशिवाय आकडे उचलले की फसगत होते, कारण बेव्हलचा आकार पिक्सेलमध्ये असतो, अक्षराच्या प्रमाणात नाही.

दोन थर: काठ आणि अंग

शेप लेयरची कंट्रोल+जे ने प्रत काढा. वरच्याला ‘अंग’ नाव द्या, खालच्याला ‘काठ’.

‘काठ’ला शेपचाच स्ट्रोक (कडेची रेघ) द्या: २२ पिक्सेल, अलाइन बाहेरून, कोपरे ‘माइटर’ (टोकदार). लेयर स्टाइलमधला स्ट्रोक इथे नको, तो बाहेरून दिला की कोपरे गोल करतो. माइटरमुळे एखाद्या टोकदार सांध्यातून काटा बाहेर आला, तर मात्र कोपरे ‘राउंड’ करा. स्ट्रोक ‘सु’ आणि ‘व’च्या पोकळीतही दोन्ही बाजूंनी घुसतो, म्हणजे फट ४४ पिक्सेलने अरुंद होते. उरलेली फट २० पेक्षा कमी वाटली तर स्ट्रोक १५ वर आणा. हे झालं की ‘काठ’वर उजवं क्लिक करून स्मार्ट ऑब्जेक्ट (आतलं सगळं एकत्र बांधलेला लेयर) करा, म्हणजे पुढचे इफेक्ट अक्षर आणि स्ट्रोक यांना एकच आकार मानतील.

‘काठ’चं बेव्हल अँड एम्बॉस असं ठेवा: इनर बेव्हल, टेक्निक ‘चिझल हार्ड’, डेप्थ २५० टक्के, साइज २२, सॉफ्टन २. कोन १२०, अल्टिट्यूड (उजेडाची उंची) ३०, ग्लोबल लाइट (सगळ्या इफेक्टना एकच उजेड) चालू. ग्लॉस काँटूर ‘रिंग’, शेजारचं अँटी-एलिअस्ड चालू. हायलाइट ‘स्क्रीन’ (खालचं उजळ करणारं ब्लेंडिंग), रंग (२५५, २४६, २१४), ८५ टक्के. शॅडो ‘मल्टिप्लाय’ (खालचं गडद करणारं ब्लेंडिंग), रंग (७०, ३८, ४), ७० टक्के.

ग्लॉस काँटूरचं काम समजून घेतलं तर बाकीचे आकडे पाठ करायची गरज उरत नाही. उताराच्या प्रत्येक ठिकाणी किती उजेड पडतो हे प्रोग्राम आधी काढतो, आणि मग काँटूरची रेघ त्या उजेडाचं पुन्हा वाटप करते. रेघ सरळ असेल तर गडदपासून उजळपर्यंत एकच संथ चढ मिळतो. प्लॅस्टिक असंच दिसतं. ‘रिंग’मध्ये रेघ वर जाऊन खाली येते, त्यामुळे एकाच उतारावर गडद, उजळ, पुन्हा गडद असे पट्टे पडतात. ‘रिंग-डबल’ आणखी पट्टे पाडतं, पण बारीक काठावर ते गिचमिड करतं. बेव्हलच्या खाली ‘काँटूर’ नावाचा वेगळा पर्याय आहे, त्याची याच्याशी गल्लत करू नका. तो उताराचा आकार बदलतो, उजेडाचं वाटप नाही. आणि ‘रिंग’ लावल्यावर कडा करवतीसारख्या दिसल्या तर अँटी-एलिअस्ड विसरला आहे असं समजा. तरीही राहिल्या तर सॉफ्टन ४-५ पर्यंत न्या.

ग्रेडियंट: खरी कामगिरी इथली

‘अंग’ला ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरणारा पट्टा) ओव्हरले द्या: लिनिअर, कोन ९०, स्केल १००, ‘अलाइन विथ लेयर’ आणि ‘डिदर’ चालू, मेथड विचारली तर ‘क्लासिक’. ९० अंशांवर पट्टीचं डावं टोक अक्षराच्या तळाशी येतं, म्हणून स्टॉप (पट्टीवरचे रंगाचे थांबे) तळापासून वर असे वाचा:

० टक्के: २५०, २२२, १४०
२५ टक्के: १९६, १४०, ४०
४९ टक्के: १०४, ६४, १२
५१ टक्के: २५५, २४४, २००
७५ टक्के: २३२, १८६, ८४
१०० टक्के: १७६, १२२, ३०

४९ आणि ५१ यांमधला तो धक्का म्हणजे क्षितिज. खालच्या बाजूला जमीन क्षितिजाजवळ सगळ्यात गडद, वरच्या बाजूला आकाश क्षितिजाजवळ सगळ्यात उजळ. हे दोन स्टॉप लांब केले, समजा ४० आणि ६०, की धातू निस्तेज होतो आणि साटीनच्या रिबिनीसारखा दिसायला लागतो. कधी कधी तेच हवं असतं, पण ते चकचकीत नव्हे.

आता देवनागरीचा पेच. ‘अलाइन विथ लेयर’ ग्रेडियंटचा मध्य काढतं तो अख्ख्या शब्दाच्या चौकटीवरून. त्या चौकटीत रफारही आला आणि उकारही आला. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत चौकटीचा मध्य म्हणजेच अक्षराचा मध्य, म्हणून तिथे कुणाला हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे उकार नसला आणि वर मात्रा-रफार भरपूर असले तर क्षितिज वर सरकून थेट शिरोरेषेत शिरतं. मग शिरोरेषा मधोमध चिरल्यासारखी दिसते आणि खालची अक्षरं सगळी जमिनीच्या रंगात बुडतात. उलट उकार-ऋकार जास्त असले तर क्षितिज अक्षरांच्या पायाशी येतं.

उपाय सोपा आहे. लेयर स्टाइलची खिडकी उघडी असताना, ग्रेडियंट ओव्हरले निवडलेला असताना, कर्सर कॅनव्हासवर नेऊन माउसने ग्रेडियंट ओढा, तो जागेवर सरकतो. क्षितिज शिरोरेषेची खालची कड आणि अक्षराचा पाय यांच्या मध्ये, किंचित वरच्या बाजूला ठेवा. ‘सुवर्ण’मध्ये ते ‘व’च्या पोटातून आणि ‘ण’च्या दोन्ही दंडांतून जायला हवं. शिरोरेषा पूर्ण ‘आकाशात’ राहिली की ती सोन्याच्या सलग पट्टीसारखी दिसते. लोगोतला सगळ्यात देखणा भाग तोच होतो.

‘काठ’लाही हाच ग्रेडियंट द्या, पण ‘रिव्हर्स’वर खूण करून. अंग जिथे उजळ तिथे काठ गडद, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. काठाचं क्षितिज अंगाच्या क्षितिजाशी तंतोतंत जुळवू नका, वीसेक पिक्सेल वरखाली ठेवा.

अंगाला गोलाई

‘अंग’चं बेव्हल: इनर बेव्हल, ‘स्मूद’, डेप्थ १८० टक्के, साइज ४०, सॉफ्टन ४, अल्टिट्यूड ६५. ग्लॉस काँटूर ‘कोन’ किंवा ‘रिंग’, जे डोळ्याला पटेल ते. अल्टिट्यूड बदलता यावा म्हणून इथे ग्लोबल लाइट बंद करा, पण कोन १२० च राहू द्या. काठावर उजेड डावीकडून आणि अंगावर उजवीकडून पडला तर पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

साइज ४० का? शिरोरेषा १०० जाड, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार ५० वर एकमेकांना भेटतील. भेटले की मध्ये धार तयार होते आणि ग्रेडियंट दिसायला सपाट जागाच उरत नाही. तलवारीच्या पात्यासारखी धार हवी असेल तर मुद्दाम साइज ५५ आणि ‘चिझल हार्ड’ करा. मात्र तेव्हा ग्रेडियंट सौम्य ठेवा, नाहीतर दोन्हींची भांडणं होतात.

इनर शॅडो: मल्टिप्लाय, रंग (६०, ३२, ४), ४५ टक्के, डिस्टन्स ०, साइज १२. एवढ्याने अंग काठाच्या आत बसवल्यासारखं दिसतं.

सॅटिन हा या यादीतला सगळ्यात लहरी इफेक्ट. तो अक्षराच्या आकाराच्या सरकवलेल्या प्रतींतून छाया तयार करतो, त्यामुळे शब्द बदलला की दिसणंही बदलतं. मल्टिप्लाय, रंग १२०, ७०, १०, ऑपॅसिटी २५ टक्के, कोन २०, डिस्टन्स ४५, साइज ५५, काँटूर ‘गॉशिअन’, इन्व्हर्ट चालू इथून सुरुवात करा आणि डिस्टन्स हळूहळू हलवून पाहा. ३५ टक्क्यांच्या वर ऑपॅसिटी गेली की सोनं मळकट होतं.

ड्रॉप शॅडो फक्त ‘काठ’ला द्या: ५५ टक्के, डिस्टन्स १८, साइज ३०. रंग काळा नको, पार्श्वभूमीच्याच रंगाची गडद छटा घ्या.

जमलेली स्टाइल स्टाइल्स पॅनेलमध्ये साठवून ठेवा. पुढच्या शब्दाला ती एका क्लिकमध्ये लागेल, फक्त क्षितिज पुन्हा ओढावं लागेल.

वरची चकाकी

‘अंग’च्या थंबनेलवर कंट्रोल दाबून क्लिक करा, सिलेक्शन येईल. सिलेक्ट मेन्यूत मॉडिफाय, काँट्रॅक्ट, ८ पिक्सेल. मग एलिप्टिकल मार्की घेऊन शिफ्ट आणि ऑल्ट दोन्ही दाबून एक मोठी लंबवर्तुळ अशी ओढा, की शब्दाचा वरचा निम्मा भागच तिच्यात सापडेल. नव्या लेयरवर २५५, २४४, २०५ या रंगाचा ग्रेडियंट वरून खाली विरत जाणारा भरा, ब्लेंडिंग स्क्रीन, ऑपॅसिटी ३० टक्के. इथे शुद्ध पांढरा वापरला की सोन्यावर काच ठेवल्यासारखं दिसतं.

ठिणग्या दोन, फार तर तीन. मऊ ब्रश, लिनिअर डॉज, उजेडाकडे तोंड असलेल्या कोपऱ्यांवर. ‘सु’च्या वर शिरोरेषेचं डावं टोक ही त्यांची हक्काची जागा. प्रत्येक अक्षरावर तारा चमकवला की लोगोचं लग्नातलं बॅनर होतं.

झळाळी अजून कमी वाटत असेल तर कर्व्ह्ज (उजेड-अंधार रेघेने बदलणारा लेयर) हवा. पण तो ‘अंग’ला क्लिप करून (फक्त त्याच्यापुरता बांधून) पाहिलात तर काहीच बदलणार नाही. ग्रेडियंट ओव्हरले हा लेयर स्टाइलचा भाग असल्यामुळे क्लिप केलेल्या लेयरच्या वर बसतो. म्हणून काठ, अंग आणि चकाकी तिन्ही निवडून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि त्यावर कर्व्ह्ज क्लिप करा. रेघेला हलका ‘एस’ द्या: गडद भाग थोडा खाली, उजळ भाग थोडा वर. उजळ टोक कापलं जाऊन सपाट पांढरे डाग पडले तर जास्त झालं.

चांदी आणि तांबं

स्टाइल तीच, स्टॉप बदला. चांदीसाठी तळापासून: २२६, २३०, २३४; १३८, १४४, १५२; ४४, ५०, ५८; २५५, २५५, २५५; १९०, २०२, २१४; ९६, ११२, १३०. शुद्ध राखाडी चांदी शिशासारखी दिसते, निळसर झाक हवीच. इथे हायलाइट पांढरा चालतो. तांब्यासाठी: २४६, १९६, १६०; १८४, १०४, ६२; ८४, ३६, १६; २५५, २२६, २०२; २२२, १४०, ९६; १५०, ७४, ४०. दोन्हींत बेव्हल, सॅटिन आणि इनर शॅडोच्या सावल्यांचे रंगही बदला, सोन्याची तपकिरी सावली चांदीवर गंजासारखी दिसते.

आकार बदलताना आणि बाहेर देताना

फ्री ट्रान्सफॉर्मने अक्षरं लहान केली की इफेक्टचे पिक्सेल तसेच राहतात आणि सगळा लोगो बेव्हलने भरून जातो. स्मार्ट ऑब्जेक्ट केलेला असेल तर हा त्रास नाही. नसेल तर लेयर स्टाइल मेन्यूतलं ‘स्केल इफेक्ट्स’ वापरा, किंवा अख्खी इमेज लहान करताना इमेज साइजच्या गिअरमध्ये ‘स्केल स्टाइल्स’वर खूण ठेवा. २०० पिक्सेलच्या खाली मात्र काठ आणि सॅटिन दोन्ही घाण वाटतात. प्रोफाइल फोटोसाठी काठ काढून, फक्त ग्रेडियंट आणि बारीक बेव्हल असलेली वेगळी आवृत्ती करा.

स्क्रीनसाठी पारदर्शक पीएनजी, एसआरजीबी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर पारदर्शकता आणि बारकावे दोन्ही जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्रेडियंटमध्ये पायऱ्या दिसत असतील तर १६ बिटमध्ये असतानाच १ टक्का मोनोक्रोमॅटिक नॉइज घाला, मग ८ बिट करा.

फ्लेक्ससाठी प्रत्यक्ष मापावर ७२ रिझोल्यूशन बहुतेक ठिकाणी पुरतं, म्हणजे १० × ४ फुटांचा बोर्ड ८६४० × ३४५६ पिक्सेल. मूळ फाइल एवढी मोठी नसेल तर शेप लेयरपासूनच मोठी करा, पीएनजी ताणू नका. सीएमवायके (छपाईचे चार रंग) करण्याआधी प्रत काढून फ्लॅटन (सगळे लेयर एक) करा, कारण स्क्रीन आणि मल्टिप्लाय सीएमवायकेमध्ये वेगळा हिशेब करतात आणि लेयर तसेच ठेवून रूपांतर केलं की चमक बदलते. त्याआधी कंट्रोल+वाय दाबून प्रूफ (छापल्यावर रंग कसे दिसतील ते) पाहा. सोनं हिरवट दिसत असेल तर मधल्या छटांत सायन जास्त आहे, तो कमी करा आणि मॅजेंटा थोडा वाढवा.

लग्नपत्रिकेवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर खरा गोल्ड फॉइल मारायचा असेल, तर यातलं काहीही छापखान्यात देऊ नका. फॉइल स्वतःच धातू असतो, त्याला ग्रेडियंट कळत नाही. ‘मर्ज शेप कंपोनंट्स’ केल्यानंतरचा मूळ शेप, सपाट शंभर टक्के काळा, पीडीएफमध्ये वेक्टर म्हणून द्या. काठ आणि अंग यांच्यात फट ठेवायची असेल तर ती डोळ्याला सहज दिसेल एवढी रुंद ठेवा. दाब पडला की फॉइल पसरतो आणि बारीक फटी भरून जातात, ‘ण’च्या दोन दंडांमधली सगळ्यात आधी.